दशकाची यादी करताय? आधी एवढं सांभाळा

दशकातल्या दहा मराठी सिनेमांची नावं काढायला बसलात आणि पंचविसावर अडकलात, हे चांगलंच झालं. म्हणजे बघितलंय भरपूर. 2010 ते 2019 मधल्या मराठी सिनेमांची यादी करायची तर सुरुवातीला मोजकंच पाळा.

पहिलं म्हणजे वर्ष. नवे लोक सर्वांत जास्त इथेच घसरतात. ‘कोर्ट’ व्हेनिसच्या महोत्सवात 2014 मध्ये दिसला, आपल्या थिएटरांत 2015 मध्ये. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ भारतातर्फे ऑस्करसाठी निवडला गेला 2009 मध्ये, प्रदर्शित झाला जानेवारी 2010 मध्ये. मग तो या दशकातला की मागच्या? मी थिएटरची तारीख धरतो. तुम्ही दुसरी धरा हवं तर, पण नियम एकच ठेवा आणि यादीच्या वर लिहून टाका. नाहीतर सिनेमा राहतो बाजूला आणि वाद कॅलेंडरवर होतो.

दुसरं, ‘आवडते’ आणि ‘श्रेष्ठ’ यांची खिचडी नको. ‘सैराट’ मनापासून पहिला वाटतो? ठेवा पहिला. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं म्हणून न बघताच वर चढवू नका.

आणखी थोडं:

- अलीकडचे सिनेमे जास्त आठवतात. ‘नटरंग’, ‘देऊळ’ असे सुरुवातीचे पुन्हा बघा.
- प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण लिहा. ‘मस्त आहे’ हे कारण नव्हे.

गुण, तक्ते, दिग्दर्शकवार हिशेब हे सगळं नंतर. सातवा की आठवा यावर रात्र घालवू नका. भांडणं पहिल्या तिनांवरच होतात. यादी दाखवा, भांडायला आम्ही आहोतच.