तीसपैकी अठ्ठावीस मिळाले, तरी लेकीची शंका खरी होती

"डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस, उत्तम आहे. मग मलाच का वाटतंय की बाबांचं काहीतरी बिनसलंय?"

गंगापूर रोडच्या या ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) हे विचारतानाच रडवेल्या झाल्या होत्या. वडील 73 वर्षांचे, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. शब्दकोडं आजही चहा संपायच्या आत सोडवतात, पावकी-दिडकी न अडखळता म्हणतात. भाऊ म्हणायचा, "वय झालं की एवढं व्हायचंच. तू उगाच घाबरतेस."

मी गुणांचा विषय बाजूला ठेवला. "सर पूर्वी काय सहज करायचे, जे आता जड जातंय?"

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग एकेक निघत गेलं. महिन्याचा हिशेब वही न उघडता सांगणाऱ्या माणसाने विजेचं बिल दोनदा भरलं होतं. नाव आठवलं नाही की "आपले ते, हो!" म्हणून विषय सफाईने वळवत. आणि शर्ट धुवायला टाकताना खिशात सापडलेल्या चार चिठ्ठ्या ताईंनी पर्समधून काढून टेबलावर मांडल्या. चारही एकाच दिवसाच्या, त्याच सुबक अक्षरात: "दूध आणले."

त्या तीस गुणांच्या चाचणीत वार-तारीख, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं असं असतं. साधारण चोवीसच्या खाली गुण गेले की काळजी करतात. ज्याने आयुष्यभर गणित शिकवलं, त्याला सात वजा करायला लावून काय कळणार? तल्लख, शिकलेल्या मेंदूकडे शिल्लक जास्त असते. आत पडझड सुरू झाली तरी तो दुसऱ्या वाटेने काम भागवतो. 1988 मध्ये अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांना शवविच्छेदनात असे काही वृद्ध आढळले, ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण हयातीत विस्मरणाचा आजार दिसला नव्हता. ही शिल्लक संपली की घसरण मात्र बऱ्याचदा वेगाने होते. म्हणून अशा माणसाची तुलना शेजारच्या आजोबांशी नको, त्याच्याच पाच वर्षांपूर्वीच्या रूपाशी करा. आणि ते रूप घरच्यांइतकं कोणाला ठाऊक असतं?

मी त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. आधी बी-12, थायरॉइड, ऐकू येणं, झोप, नैराश्य, चालू औषधं, सगळं तपासून घ्यायला सांगितलं. यातलं काही निघालं तर उपाय होतो, आणि शाकाहारी घरांत बी-12 ची कमतरता खूप दिसते. सरांचं तसं काही निघालं नाही. मग काही तासांची सविस्तर स्मृतिचाचणी झाली. शब्दसंग्रह अव्वल. पण अर्ध्या तासापूर्वी ऐकवलेल्या छोट्या गोष्टीतलं जवळपास काहीच आठवेना. निदान अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्याचं झालं.

पुढच्या भेटीत सर स्वतः आले. मी चिठ्ठ्यांचा विषय काढायच्या आधीच म्हणाले, "मला दीड वर्षापासून कळतंय. पोरीला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

ताईंनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी आम्ही आजाराबद्दल फार बोललो नाही. बँकेच्या खात्यावर दुसरं नाव, मृत्युपत्र, स्कूटर कधी थांबवायची, हे सरांनीच क्रमाने सांगितलं आणि ताईंनी लिहून घेतलं.