पॅनेल असूनही अंधार का?

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्राच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवल्यापासून वीजबिल उतरले आहे, परंतु वीज गेली की भर उन्हातही सर्व उपकरणे बंद पडतात. बॅटरी घेतल्यास अडचण दूर होईल का? ती किती क्षमतेची असावी?

उत्तर : पॅनेलमध्ये दोष नाही. ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज उपकरणांना चालेल अशी करून देणारे यंत्र) ग्रीडच्या व्होल्टेजचा आणि फ्रिक्वेन्सीचा माग धरून चालतो आणि ग्रीड बंद होताच त्यानेही थांबावे अशी योजना त्यात मुद्दाम केलेली असते. अन्यथा गच्चीवरची वीज उलट वाहिनीत जाऊन दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या जिवावर बेतले असते. त्यामुळे नुसती बॅटरी आणून भागत नाही. ग्रीडपासून इमारत वेगळी करून स्वतंत्र पुरवठा उभा करणारा हायब्रिड इन्व्हर्टर, किंवा आहे त्या इन्व्हर्टरशी जुळणारा बॅटरी इन्व्हर्टर, सोबत घ्यावा लागतो.

क्षमता ठरवताना अनेक संस्था संपूर्ण इमारतीचा भार धरतात आणि खर्चाचा आकडा पाहून बेतच सोडून देतात. त्याऐवजी एक क्षणही बंद पडून चालणार नाही अशा उपकरणांची यादी करावी. २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान राखणारा लशींचा फ्रीज, प्रसूतिकक्षातील दिवे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नोंदणीचा संगणक ही त्या यादीतली नावे. वातानुकूलन यंत्र आणि गीझर नव्हेत, मग ते कोणाच्याही दालनातले असोत. यादीतल्या उपकरणांची वायरिंग वेगळ्या वितरण पेटीवर घ्यावी. समजा हा भार सरासरी दीड किलोवॉट आहे आणि तो चार तास चालवायचा आहे, तर ६ युनिट वीज लागेल. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज खर्ची पडते आणि वर्षागणिक साठवणक्षमता घटते. हे जमेस धरून सुमारे १० युनिटांची लिथियम बॅटरी योग्य ठरेल. इन्व्हर्टरची क्षमता मात्र निराळी मोजावी, कारण फ्रीजसारख्या उपकरणातली मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि पुरेशी भरलेली बॅटरी असूनही लहान इन्व्हर्टर तेवढ्यानेच बंद पडतो.

प्रश्न : आमची शाळा दिवसाच भरते. आम्हालाही बॅटरी घ्यावी लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. शाळेचा वापर आणि ऊन यांची वेळ जुळत असल्याने पॅनेलची वीज बरीचशी तिथल्या तिथे खर्च होते आणि सुट्टीतली शिल्लक वीज, नेट मीटरची (ग्रीडला दिलेल्या आणि ग्रीडकडून घेतलेल्या विजेचा हिशेब ठेवणाऱ्या मीटरची) सोय असल्यास, ग्रीडला देता येते. वर्गाच्या वेळेत वारंवार वीज जात असेल, किंवा पूर-वादळात शाळा निवारा म्हणून वापरली जात असेल, तरच बॅटरीचा खर्च समर्थनीय ठरतो. तशी वेळ आल्यास लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार पाहावा. तो इतर अनेक लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेत अधिक स्थिर राहतो. स्वस्त म्हणून लेड-ॲसिड घेतल्यास चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून हवेशीर स्वतंत्र खोली हवी. दोन्ही प्रकारांचे आयुष्य उष्णतेने घटते. तेव्हा जागा सावलीतली, मुलांच्या वर्दळीपासून दूरची आणि कुलूपबंद असावी. पॅनेल धुण्याचे आणि बॅटरी तपासण्याचे काम कोणाकडे राहील, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे.