प्रश्न तुमचे : नळ, फिल्टर की जार?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यालगत एका सोसायटीत राहतो. घरात पाच माणसं, त्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दोन शाळकरी मुलं. पाणी महापालिकेचं, पण एप्रिल-मेमध्ये टँकर घ्यावे लागतात. २०२५च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची (गिलन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली, तेव्हापासून घाबरून जार लावला आहे. एक दिवसाआड एक, ३५ रुपयांना. मध्यंतरी एक विक्रेता आला. त्याने नळाच्या पाण्यात दोन सळयांचं उपकरण बुडवून वीज सोडली, तर पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गाळ आला. त्याच्या आरओच्या पाण्याला मात्र काही झालं नाही. मीटरवर आमच्या पाण्याचा टीडीएस ११० आला, त्याच्या पाण्याचा १५. ‘हे विष मुलांना पाजताय’ म्हणाला. मशीन १८ हजारांचं आहे. यजमान म्हणतात, उकळलं की झालं. सासूबाई तुरटी फिरवायला सांगतात. काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या तपकिरी पाण्याची भीती मनातून काढून टाका. माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली, आणि या प्रयोगाबद्दल ऐकलं की मला अजूनही चीड येते, कारण तो नेमका लहान मुलं असलेल्या घरांत करून दाखवतात. त्या उपकरणातली एक सळई लोखंडाची असते, दुसरी बहुधा ॲल्युमिनियमची. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तुम्ही पाहिलात तो गाळ त्या सळईचा होता, तुमच्या नळाचा नव्हता. आरओ पाणी बारीक पडद्यातून दाबाने गाळतो, त्यामुळे त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. पुन्हा कोणी आलं तर त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ घाला आणि मग सळया बुडवायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल.

आता ११० या आकड्याचं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, बायकार्बोनेट वगैरे सगळं त्यात आलं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यावं. तुमचं ११० आहे! पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला, ही सगळी सह्याद्रीच्या पावसाची धरणं, पाणी मुळातच हलकं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं येतं तेही असंच. अशा पाण्यातून आणखी क्षार काढायला आरओ लावला तर पैसेही जातात आणि पाणीही. घरगुती आरओ एक लिटर पिण्याचं पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. जिथे टीडीएस ५००च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करावी, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९मध्येच सांगितलं होतं.

आणि त्या मीटरला जंतू दिसत नाहीत, हे कोणी सांगत नाही. नळाच्या पाण्यात ड्रेनेज मिसळलं तरी मीटर कदाचित १५० दाखवेल, आणि विक्रेता त्याला छान म्हणेल. कावीळ, हगवण, विषमज्वर, गॅस्ट्रो हे सगळं जंतूंचं काम आहे, क्षारांचं नाही. तुमच्या भागात जीबीएस आला तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, तो जंतूच. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात तेव्हा काही खासगी आरओ प्रकल्पांच्या पाण्याचे नमुनेही पिण्यायोग्य निघाले नाहीत आणि महापालिकेने ते प्रकल्प सील केले. म्हणजे ज्या भीतीने तुम्ही जारकडे वळलात, ती जारने जातेच असं नाही.

याचं कारण क्लोरिन. जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात मुद्दाम थोडं क्लोरिन शिल्लक ठेवतात, कारण तिथून तुमच्या माठापर्यंतचा रस्ता मोठा आहे. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद असताना पाइप रिकामे पडतात, आणि शेजारून फुटकी ड्रेनेज लाइन गेली असेल तर तिथलं पाणी सांध्यातून आत झिरपतं. खालच्या मजल्यावर कोणी थेट लाइनला टिल्लू पंप लावला की ते अक्षरशः ओढलं जातं. अशा वेळी राखणीला तेवढं क्लोरिनच असतं. मानकाप्रमाणे नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. आरओ प्रकल्पात हे क्लोरिन आधीच काढून टाकतात, नाहीतर आरओचा पडदा खराब होतो. मग ते पाणी जारमध्ये भरतात. जार कशाने धुतला, भरणाऱ्याने नळी कुठे ठेवली होती, झाकण कोणत्या हाताने लावलं, यावर पुढचं सगळं अवलंबून. त्या पाण्यात राखणीला काहीच उरलेलं नसतं.

तेव्हा क्रमाने असं करा. पहिलं, सोसायटीच्या सभेत विचारा की जमिनीखालची टाकी शेवटची कधी धुतली, आणि तिच्यापासून ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे. या दोन प्रश्नांनी जितकं कळतं तितकं कुठल्याही मीटरने कळत नाही. दुसरं, ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरिन तपासायच्या औषधाची, बाटली आणून ठेवा. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक वापरतात तीच. नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे, क्लोरिन असेल तर पाणी पिवळं होतं. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, ओतून द्यायचं, आणि बाटली मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळी खालच्या नळावर एकदा पाहा आणि तुमच्या स्वयंपाकघरात एकदा. खाली पिवळं आणि वर रंगच नाही, तर गोम तुमच्या टाक्यांत आहे, आणि त्यावर उपाय फिल्टर नसून टाकी धुणं हाच आहे. टँकर आला की त्याचंही पाहा आणि भरतो कुठून ते विचारा. बोअरचा असेल तर तेवढ्यापुरता टीडीएस मोजायला हरकत नाही.

मशीन घ्यायचंच असेल तर आरओशिवायचं, साधं यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, घ्या. आधी गाळ अडवणारी कँडल, मग कार्बन, मग यूव्हीचा दिवा. निम्म्या पैशांत मिळतं. दिवा पेटलेला दिसला तरी वर्षभरात त्याची ताकद उतरते, तेव्हा तो बदलायचा म्हणजे बदलायचा. पाणी गढूळ असेल तर किरण आत पोचत नाहीत, म्हणून पावसाळ्यात कँडलकडे लक्ष द्या. यूएफ म्हणून जे मिळतं, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याने गाळणारं मशीन, ते विजेशिवाय चालतं आणि बॅक्टेरिया अडवतं, पण विषाणूंची त्यात खात्री नाही. काविळीचा जंतू विषाणू आहे, म्हणून मी ते एकट्याच्या भरवशावर घेणार नाही. चार दिवस गावाला जाऊन आलात तर मशीनच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्या. क्लोरिन कार्बनमध्ये अडकल्यावर तिथल्या साठलेल्या पाण्यातही जंतू वाढतात.

तुमचे यजमान म्हणतात तेही अगदी बरोबर आहे. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. मात्र ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून गार करा, आणि ओगराळ्याने घ्या. पेला बुडवला, बोटं लागली, की पहिल्यापासून सुरुवात. सासूबाईंची तुरटी गढूळ पाण्यातला गाळ खाली बसवायला फार चांगली, पावसाळ्यात जरूर फिरवा. जंतू तिने मरत नाहीत, तेव्हा नितळलेलं पाणी उकळाच.

जार बंद करा असं मी स्पष्ट सांगते.

प्रश्न : ताई, मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी. आमच्या बोअरचं पाणी खारं, मीटरवर १६०० येते. शहानूरच्या योजनेचं नळाचं पाणी येते, पण चार-पाच दिवसांआड. गावात कॉइन टाकून पाणी घेण्याचं मशीन आहे. मुलगा म्हणतो आरओ बसवू, त्याची आई म्हणते आरओनं हाडं ठिसूळ होतात. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : भाऊ, वर पुण्याच्या ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, भूजलच खारं आहे. उकळल्याने क्षार जात नाहीत. उलट पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात, म्हणजे पाणी आणखी खारं होतं. तुमच्या बोअरच्या पाण्याला आरओ हाच उपाय आहे, मुलाचं बरोबर आहे.

पण त्याआधी शहानूरचं पाणी. ते धरणाचं गोडं पाणी आहे. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर धरलं तरी पाच दिवसांचं सव्वाशे लिटर होतं. झाकणाची, खाली तोटी असलेली एक टाकी फक्त त्यासाठी ठेवा. साठवणीत क्लोरिन उडून जातं, म्हणून आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून मेडिक्लोर, म्हणजे क्लोरिनचं औषध, मिळालं तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबून मग प्या. वास येतो म्हणून लोक पाणी ओतून देतात, तसं करू नका. भांडं थोडा वेळ उघडं ठेवलं की वास जातो.

आरओ घेतलात तर एक गोष्ट विक्रेत्याकडून नीट समजून घ्या. बऱ्याच मशीनला टीडीएस कमी-जास्त करायचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की न गाळलेलं पाणी पडद्याला वळसा घालून चव यावी म्हणून पुन्हा मिसळलं जातं. बोअरच्या पाण्यात नुसता खारेपणा असेल तर तो थोडा उघडायला हरकत नाही. नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर मात्र तेही त्याच वाटेने तुमच्या पेल्यात येणार. म्हणून मशीन बसवण्याआधी पाणी तपासून घ्या. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर आणि फ्लोराइड दीडच्या वर गेलं तर तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या काही गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात ते फ्लोराइडचे. तिथल्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावं.

हाडांचं म्हणाल तर वहिनींची काळजी वावगी नाही, पण कॅल्शियम आपल्याला मुख्यतः अन्नातून मिळतं. दूध, ताक, तीळ, हिरवी भाजी ताटात असू द्या. आणि आरओतून बाहेर पडणारं पाणी तुमच्याकडे बोअरपेक्षाही खारं असणार. ते संडासला, गोठा धुवायला वापरा. परसातल्या भाजीला आणि तुळशीला घालू नका, जमीन क्षार धरते.

नाण्याच्या मशीनचं पाणी घ्यायला हरकत नाही, पण ते चालवणाऱ्याला शेवटचा तपासणी अहवाल दाखवायला सांगा. आपला कॅन रोज घासा. आतून शेवाळ दिसायला लागलं तर कॅन बदला.

प्रश्न : ठाण्याला राहते, बाळ सात महिन्यांचं आहे. डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगितलं. बाळापुरतं बाटलीबंद पाणी वापरू का?

उत्तर : गरज नाही. ठाण्याचं नळाचं पाणी उकळून, झाकून गार केलेलं द्या, त्याच दिवशी संपवा. बाटली उघडल्यावर तेही साधं पाणीच असतं, आणि दिवसभर टोपण उघडझाप करून ते काही बाळासाठी वेगळं राहत नाही. प्रवासात घ्यावी लागली तर सील तपासा, तारीख पाहा, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक छापला आहे ना ते पाहा. २०२४च्या ऑक्टोबरात आयएसआय चिन्हाची सक्ती काढून टाकली, तेव्हा आता हा क्रमांक जास्त महत्त्वाचा. उन्हात गाडीत राहिलेली बाटली बाळाला देऊ नका. खर्चाचंही पाहा. पाच माणसांच्या घरात दिवसाला दहा लिटर, वीस रुपये लिटरने महिन्याला सहा हजार होतात. दोन महिन्यांच्या तेवढ्या पैशांत एक साधं यूव्ही मशीन येईल.

प्रश्न : पाणी तपासायला कुठे द्यायचं? नमुना कसा घ्यायचा? (अनेक वाचक)

उत्तर : जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्याही प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीतून विचारलं तर जवळची कळेल. आधी फोन करून जा, कारण जंतूंच्या तपासणीची बाटली तिथूनच घ्यायची असते. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्या तळाशी थोडं सोडियम थायोसल्फेट असतं, क्लोरिनचा परिणाम तिथेच थांबावा म्हणून. ती विसळायची नाही! कितीतरी जण स्वच्छ हवी म्हणून नळाखाली विसळून आणायचे आणि नमुना परत पाठवावा लागायचा. लोखंडी किंवा पितळी तोटी स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्या. प्लॅस्टिकची असेल तर नुसती स्पिरिटने पुसा. पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, टोपण हातातच धरा, तोंडाला बोट लागू देऊ नका, वर बोटभर जागा सोडून बंद करा. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड यांसाठी वेगळा नमुना लागतो. एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून गच्च भरा. थंड पेयाच्या बाटलीतून आणू नका. चिठ्ठीवर पाणी कुठलं, कुठल्या तारखेला आणि किती वाजता घेतलं, बोअर असेल तर किती फूट, हे लिहा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, असं वर्षातून दोनदा तपासा.