पट्टीवर रेघ आली म्हणून औषध ओतू नका

प्रश्न: ब्रॉयलरचा २४ दिवसांचा लॉट आहे. परवापासून मर वाढलीय, पांढरी पातळ हगवण, पक्षी पिसं फुगवून बसतात. २१व्या दिवशी लासोटा लसीचा बूस्टर पाजलाय. दुकानदाराने रॅपिड पट्टी (झटपट तपासणीची) लावली, राणीखेत रोग पॉझिटिव्ह आला. तो म्हणतो लासोटा डबल डोस द्या, सोबत अँटिबायोटिक. देऊ का?

उत्तर: नाही. दोन्ही नाही.

अहो, लासोटा ही राणीखेतचीच जिवंत लस आहे. तीन दिवसांपूर्वी पाजलीत, मग तोंडाच्या किंवा विष्ठेच्या स्वॅबमध्ये तोच लसीचा विषाणू सापडू शकतो, आणि लसीचा कुठला अन् रोगाचा कुठला हे पट्टीला कळत नाही. त्यात ती पट्टी दुकानात कुठे, किती उन्हात पडली होती देव जाणे. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी, रेघ आली नसेल तर टेस्टच बाद, आणि पाकिटावर दिलेली वेळ उलटून गेल्यावर उगवलेली रेघ धरायची नसते. निगेटिव्ह आली म्हणूनही निवांत बसू नका, चुकीचा पक्षी किंवा कमी स्वॅब घेतला की रेघ येतच नाही.

तुमचं वर्णन मला गंबोरोकडे, म्हणजे दुसऱ्या एका विषाणूजन्य रोगाकडे, जाणारं वाटतं. तीन ते सहा आठवड्यांचा पक्षी, पांढरी हगवण, एकदम चढलेली मर. मी पट्टीआधी कायम पोस्टमार्टेम सांगतो. ताजे मेलेले चार-पाच पक्षी आजच डॉक्टरकडे न्या, कालचे सडके नकोत, फ्रीझरमधले नकोत, बर्फावर ठेवून न्या. मांडीच्या मांसात रक्ताचे पट्टे, बर्सा (शेपटीजवळची रोगप्रतिकारक ग्रंथी) सुजलेली, किडन्या फुगलेल्या असतील तर गंबोरो. मानमोडीत म्हणजे राणीखेतमध्ये हिरवी हगवण, वाकडी मान, लुळे पाय, आणि गिझार्डच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या, आधीच्या पोटात रक्ताचे ठिपके. पण त्या भागात गंबोरोतही रक्त दिसतं, म्हणून एका पक्ष्यावर, एका खुणेवर निकाल देऊ नका.

आता अँटिबायोटिक. विषाणूवर ते चालत नाही, हे मी दर हंगामात सांगतो आणि दर हंगामात शेडमध्ये रिकाम्या बाटल्या सापडतात. गंबोरोत किडनी आधीच खराब असते, त्यात सल्फा किंवा जेंटामायसिन ओतलं की मर अजून वाढते. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक तर २०१९ पासून पोल्ट्रीत बंदच आहे, कुणी देत असेल तर दुकान बदला. गंबोरोची मर तीन-चार दिवस चढते आणि आठवड्याभरात आपोआप उतरते, मग दुकानदार म्हणतो बघा माझ्या औषधाने थांबली! डबल डोस तर अजिबात नको, आजारी लॉटला लासोटा म्हणजे वर श्वासाचा त्रास. सध्या इलेक्ट्रोलाइट, गुळाचं पाणी, कोरडं लिटर (शेडमधलं तूस-भुशाचं अंथरूण), मोकळी हवा एवढंच. खरं जंतूजन्य इन्फेक्शन वरून आलंय असं डॉक्टरने पोस्टमार्टेमवरून सांगितलं तरच औषध, ते पण लिहून दिलेल्या मात्रेत.

एक गोष्ट मात्र वेगळी, बर्ड फ्लूची. तुरा-गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळे पडले, डोकं सुजलं, एका रात्रीत ढीग मेले तर पक्षी चिरू नका, पट्टी लावायला हात घालू नका, विकायला तर बिलकुल काढू नका. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा. २००६ ला नवापूर, २०२१ ला परभणीचं मुरुंबा, विसरलात का? बर्ड फ्लूचा निकाल भोपाळच्या लॅबचाच धरतात. भरपाई सरकारने मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही, म्हणून कळवायला उशीर करू नका.