‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांत नेमका फरक काय?

गोंधळ होतो, कारण मराठीत ‘उसनं’ हा शब्द दोन्हीकडे तोच राहतो, फक्त घेणं-देणं बदलतं. इंग्रजीत क्रियापदच बदलतं. उसनं घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’.

आमच्याकडे रावेरला केळीच्या बागेत फवारणी सुरू झाली, की कुणीतरी पंप मागायला येतंच. तो म्हणेल, ‘कॅन आय बॉरो युअर पंप?’ किंवा ‘कॅन यू लेंड मी युअर पंप?’ दोन्ही बरोबर. ‘बॉरो मी युअर पंप’ मात्र साफ चूक, आणि माझ्या शिकवणीतली मुलं सगळ्यात जास्त हीच करतात. ‘बॉरो’पुढे ‘फ्रॉम’ येतं, ‘लेंड’पुढे ‘टू’. ‘लेंड’चा भूतकाळ ‘लेंट’.

आणखी एक आवर्जून सांगतो: उसनं आणि उधार एक समजू नका. कळण्याच्या भाकरीसाठी शेजारच्या काकूंकडून वाटीभर पीठ आणलं, तर ‘बॉरो’ चालेल. तेवढंच पीठ आपण परत देतो. पण किराणा दुकानातून उडीद उधारीवर आणले, तर ते ‘बाय ऑन क्रेडिट’. भाडं देऊन ट्रॅक्टर आणला, तर तिथेही ‘बॉरो’ नाही, ‘हायर’ किंवा ‘रेंट’.