कुळागरासाठी चेनसॉ कोणता घ्यावा?

प्रश्न : गोव्यातील फोंडा तालुक्यात आमचे लहान कुळागर (माड-पोफळीची बाग) आहे. पावसाळ्यात उन्मळून पडलेले माड आणि आंब्याच्या फांद्या कापण्यासाठी खात्रीचा चेनसॉ घ्यायचा आहे. किती मोठा घ्यावा?

उत्तर : घरगुती कामाला ३५ ते ४५ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि १४ ते १६ इंची पाते पुरेसे होते, त्याहून मोठे यंत्र अनुभव नसलेल्याचे हात लवकर थकवते, आणि थकल्या हातीच अपघात होतात. ब्रँडपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस फोंड्यात किंवा मडगावात मिळतो का. स्वस्त, बिननावाच्या यंत्राची खरी किंमत तिथेच कळते. चेन ब्रेक (साखळी क्षणात थांबवणारी कळ) नसलेले यंत्र मात्र फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत क्षणात अंगावर उसळते.

माडाचे तंतुमय, कठीण खोड साखळीची धार फार लवकर घालवते, म्हणून जादा साखळी आणि गोल कानस सोबतच घ्यावी. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण पुस्तिकेत दिलेलेच ठेवावे. हल्लीच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषते, त्यामुळे यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

उभे झाड तोडायचे असल्यास गोव्याच्या १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आधी घ्यावी.