एनडीव्हीआय चुकतोय, पण दोष रास्टेरिओचा नाही

तुमच्या तीन अडचणी अशा: यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाचा एनडीव्हीआय (पीक किती हिरवं ते सांगणारा -१ ते १ मधला आकडा: निअर-इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज) सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून काढताना धरणाच्या पाण्यावर ६५ सारखा आकडा येतो, २०२१ च्या मानाने २०२२ चं पीक सगळीकडे फिकं दिसतं, आणि आठ जीबी रॅमचा लॅपटॉप मध्येच मान टाकतो. म्हणून रास्टेरिओ ही पायथनची लायब्ररी सोडून दुसरं काही वापरावं का, असं तुम्ही विचारलंय.

सोडू नका. रास्टेरिओच्या पोटात अशा फाइली वाचणारं जीडॅलच आहे आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही तेच वापरतं, त्यामुळे फाइल सगळीकडे सारखीच वाचली जाईल. रास्टेरिओ फाइलमधले अंक जसेच्या तसे नम्पाय या गणिताच्या लायब्ररीच्या हवाली करते. त्यांचा अर्थ लावणं आपल्याकडे.

६५ चं कारण सोपं आहे. बँड, म्हणजे एकेका रंगाच्या प्रकाशाचे थर, १६ बिटी, बिनचिन्हाच्या पूर्णांकांत असतात. पाण्यावर निअर-इन्फ्रारेड (लाल प्रकाशापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) ४०० आणि लाल ६०० असेल तर वजाबाकी -२०० यायला हवी, पण या प्रकारात ऋण संख्याच नाही, म्हणून ६५३३६ येतात. भागिले १००० (दोघांची बेरीज) केले की तुमचे ६५. वाचतानाच आऊट_डीटाइप फ्लोट३२ (चिन्हासकट दशांश संख्या) द्या, -०.२ मिळेल.

फिक्या पिकाचं प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण तिथे आकडा खरा वाटतो. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेच्या ०४.०० आवृत्तीत प्रत्येक किमतीत १००० मिळवलेले असतात. फार काळ्या पृष्ठभागावर परावर्तन शून्याखाली गेलं तरी ते कापलं जाऊ नये म्हणून ही सोय केली. आता तुमच्या शेतातला एक पिक्सेल घ्या: लाल १५००, निअर-इन्फ्रारेड ४०००. तसंच सूत्रात टाकलंत तर ०.४५. हजार-हजार वजा केलेत तर ५०० आणि ३०००, म्हणजे ०.७१. वरच्या वजाबाकीत ते हजार आपोआप कटतात, खालच्या बेरजेत मात्र दोन हजार जादा राहतात. अशा नकाशावरून कोणी पीक हातचं गेलं असं ठरवलं तर केवढा अनर्थ होईल! आणि हे नुसत्या तारखेवरून ठरवू नका. जुनी दृश्यंही नव्या आवृत्तीत पुन्हा तयार झाली आहेत, आणि काही वितरक हे हजार आधीच वजा करून देतात. प्रत्येक दृश्याच्या मेटाडेटात (सोबतच्या माहितीत) या हजारांची नोंद असलेलं बीओए_अ‍ॅड_ऑफसेट बघाच. शून्य म्हणजे ‘माहिती नाही’, त्याचा मास्क (ते पिक्सेल झाकणं) वजाबाकीच्या आधी करा, नाहीतर ते -१००० होऊन हिशोबात घुसतील.

मेमरीचं म्हणाल तर एका टाइलमध्ये (चित्राच्या एका चौकोनी तुकड्यात) १०९८० × १०९८० पिक्सेल असतात, म्हणजे बारा कोटींवर. तुम्ही फ्लोट६४ करता, त्यात एकेक अ‍ॅरे जवळपास एक जीबीचा. दोन बँड, वजाबाकी, बेरीज आणि उत्तर धरले की पाच झाले. ब्लॉक_विंडोज (फाइलचे छोटे छोटे तुकडे) वर लूप लावा, एकेक खिडकी वाचा, गणित करा, लगेच लिहून टाका. फक्त प्रोफाइल (नव्या फाइलच्या रचनेची माहिती) मूळ फाइलवरून घेतलीत तर त्यात ड्रायव्हर, म्हणजे फाइलचा प्रकार, जीटिफ आणि डीटाइप फ्लोट३२ करायला विसरू नका. पूर्णांकात लिहिलेला ०.७१ शून्य होऊन बसतो.

ढगांसाठी एससीएल थर (प्रत्येक पिक्सेल ढग, पाणी की वनस्पती ते सांगणारा) वापरताय ते उत्तम. तो २० मीटरचा आहे, १० मीटरवर आणताना रिसॅम्पलिंग ‘निअरेस्ट’ (सर्वांत जवळच्या पिक्सेलचा अंक घेणारं) च ठेवा. त्यातले अंक म्हणजे वर्गांची नावं आहेत. ४ म्हणजे वनस्पती, ८ म्हणजे ढग; शेजारच्या अंकांची सरासरी काढणाऱ्या बायलिनिअरने त्यांचे ६, म्हणजे पाण्याचा वर्ग, आले की कापसाच्या शेतात पाणी उभं राहतं.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत पण लागेल. ७८ अंश रेखांश यवतमाळ जिल्ह्यातूनच जातो, म्हणून पश्चिमेकडच्या टाइल यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ व्या झोनमध्ये आणि पूर्वेकडच्या ४४ मध्ये येतील. टाइल जोडणारं रास्टेरिओचं मर्ज प्रक्षेपण बदलून देत नाही. आधी प्रत्येक टाइलचा एनडीव्हीआय तिच्या मूळ ग्रिडवर काढा, मग रास्टेरिओच्याच वॉर्प्डव्हीआरटीने (ते प्रक्षेपण बदलून वाचतं) सगळ्या एकाच झोनमध्ये आणा आणि त्यानंतर जोडा. इतकं करूनही शिवेवर पट्टा दिसला तर दोन्ही टाइलचे ऑफसेट आणि तारखा इथे टाका, बघतो.